एकसष्ट पिढ्यांचा परका

दर वर्षी दहा डिसेंबर आला की लाओचो गावच्या जेपाला ‘माणूस’ म्हणून घेऊन जायला खालून शहरातून जीप यायची. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस तो कोण असतो, याची चौकशी करायला कुणी कधी सायकलसुद्धा पाठवली नाही.

जीप पिमपन बाईंच्या संस्थेची. बाई बँकॉकच्या, आणि डोंगरातल्या लोकांच्या हक्कांवर त्यांचा भारी जीव. इतका, की मानवी हक्क दिनाच्या सभेत एक तरी डोंगरी माणूस व्यासपीठावर बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. जेपा या कामाला अगदी मापाचा होता. चेहऱ्यावर भरपूर सुरकुत्या, अंगात आखा जमातीचा चांदीच्या बटणांचा काळा कोट, आणि थाई बोलणं जेमतेम, म्हणजे मध्येच उठून नको ते बोलून बसण्याची धास्ती नाही. आठ वर्षांपूर्वी त्याचा फोटो काढून बाईंनी पोस्टर छापलं होतं. खाली ठसठशीत अक्षरं, ‘प्रत्येक माणूस मोलाचा’. ते पोस्टर तालुका कचेरीतही लागलं, आणि नेमकं त्या खिडकीच्या डोक्यावर लागलं जिथे जेपाला बत्तीस वर्षं ‘पुढच्या महिन्यात या’ असं सांगत होते. खिडकीतल्या कारकुनाने वरच्या चेहऱ्याकडे आणि समोरच्या चेहऱ्याकडे एकदाही आलटून पालटून पाहिलं नाही.

जेपाजवळ गुलाबी कार्ड होतं. म्हणजे हा इसम इथे राहतो, पण इथला नाही. तालुक्याची हद्द ओलांडायची तर दर खेपेला कचेरीची चिठ्ठी हवी, आणि सभेचं शहर हद्दीबाहेर. म्हणून आधी चिठ्ठी यायची, मग जीप. एका वर्षी चिठ्ठीवर तारीख चुकीची पडली आणि नाक्यावरच्या शिपायाने त्याला उतरवून बाकावर बसवून ठेवला. सभेचा त्या वर्षीचा विषय होता, संचारस्वातंत्र्य. जेपाच्या खुर्चीवर त्याचं पोस्टर टेकवून वेळ निभावली म्हणे. बाईंनी नाक्यावर त्याच्यासाठी जेवणाचा डबा मात्र आठवणीने पाठवला.

एकदा सभेत बाईंनी सगळ्यांना विचारलं होतं, मानवी हक्क म्हणजे काय? शिकलेल्यांनी शिकल्यासारखी उत्तरं दिली. जेपाची पाळी आली तेव्हा तो मोडक्या थाईत म्हणाला, "आमच्या गावच्या वेशीवर परका आला तर आम्ही आधी चहा देतो, मग विचारतो. तुम्ही आधी विचारता, आणि मग चहापण देत नाही." बाईंना हे फार आवडलं. त्यांनी ते अहवालात छापलं, पहिल्याच पानावर. खाली नाव घातलं, ‘एक डोंगरी वृद्ध’.

आता हा जेपा आखांमध्ये कोण होता ते सांगायला हवं, कारण कचेरीत ते कुणी सांगणार नाही. आखा माणसाची पत त्याच्या चहाच्या मळ्यावर नाही, डुकरांवरही नाही. पूर्वजांची नावं किती मागेपर्यंत म्हणता येतात यावर ती ठरते. बापाच्या नावाचा शेवट मुलाच्या नावाची सुरुवात होतो, त्यामुळे सगळी माळ एकमेकांत अडकवलेली असते. गोलो, त्याचा लोशो, त्याचा शोजे, त्याचा जेपा, त्याचा पागो. दोन अनोळखी आखा भेटले की चहा घेत बसतात आणि आपापली माळ म्हणतात. कुठे ना कुठे एक नाव दोघांचंही निघतंच, वीस पिढ्या मागे असो की चाळीस. मग परके उठतात ते भाऊ होऊन. माणूस मेला की त्याच्या उशाशी हीच नावं म्हणायची, म्हणजे तो वाट न चुकता आपल्या माणसांत जाऊन पोचतो. जेपाला एकसष्ट पिढ्या येत. बापाने, शोजेने, मळ्यात खुरपताना एकेक नाव त्याच्या डोक्यात रोवलं होतं. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. पंचक्रोशीत कुणाचं मरण झालं की बोलावणं जेपालाच यायचं.

आणि याच विद्येने त्याचा घात केला.

तेहतीस वर्षांपूर्वी सरकारची शिरगणती गावात आली. सरकार म्हणजे एक घामाघूम पोरगेला कारकून, एक दुभाषा आणि एक घडीचं टेबल. दिवसाला तीन गावं उरकायची होती. जेपाच्या खांबांवरच्या घराखाली, डुकरांच्या शेजारी टेबल मांडलं आणि कारकुनाने विचारलं, "कुठून आलात?"

एकतीस वर्षांच्या जेपाला वाटलं, वा, सरकारला रीत कळते. हा तर आखाने आखाला विचारायचा प्रश्न. त्याने कारकुनाला थांबायला सांगितलं, वर जाऊन काळा कोट घातला, बायकोला चहा आणि उकडलेली अंडी आणायला सांगितली, आणि मांडी ठोकून पहिल्या पूर्वजापासून सुरुवात केली. कोणत्या नद्या उतरून आले, कोणते डोंगर चढले, कुठे तीन पिढ्या राहिले, कुठून हाकलले गेले. पाऊण तास चाललं. कारकुनाने पहिल्या नदीलाच कागदावर ‘सीमेपलीकडून आलेला’ असं लिहून टाकलं होतं. उरलेला वेळ तो अंडी खात होता. ज्या जमिनीवर टेबल होतं त्याच जमिनीवरच्या घरात जेपा जन्मला, बापही जन्मला, हे विचारायचं त्याला सुचलं नाही आणि सांगायचं जेपाला सुचलं नाही. कारण जेपाच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच. जन्माची जागा काय, कोंबडीलाही असते.

शेजारी ओगा राहायचा. त्याला पाचच्या वर पिढ्या येत नसत, आणि दारू पोटात असली तर तीनच. त्याच्यापुढे टेबल गेलं. "कुठून आलात?" ओगाने डोकं खाजवलं, लाजला आणि म्हणाला, "इथलाच." वर्षभरात ओगाला नागरिकत्वाचं पक्कं कार्ड आलं. त्याची पोरं शहरात गेली, गाड्या चालवू लागली. जेपाचा मुलगा पागो कामाला निघाला की नाक्यावर उतरवला जायचा. दोनदा कोठडीत राहून आला आणि मग मळ्यातच राहिला. घरात शिरलेला ‘पलीकडचा’ हा एक शब्द मुलाला लागला, मुलाच्या मुलीलाही लागला. गावातली सगळी बिनडोक माणसं थाई झाली आणि एकटा शहाणा परका राहिला. सरकारचं काम असंच असतं. ज्याला कमी येतं त्याच्यावर त्याचा जास्त विश्वास.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," ओगा तेहतीस वर्षं म्हणत आला. "एका शब्दाचं उत्तर होतं रे. तू पाऊण तास दिलंस."

"तुला येत असतं तर तूपण दिलं असतंस."

"म्हणून तर बरं झालं येत नव्हतं ते."

जेपाने स्वतःपुरतं हे सोसलं. डोंगर सोडून कुठे जायचं होतं त्याला? पण नात निघाली हुशार. मीयू तिचं नाव. तिला नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली, गावातली पहिलीच. कॉलेजने कळवलं, मे अखेरपर्यंत पक्कं कार्ड दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. मीयूने ते पत्र घडी करून भाताच्या डब्याखाली ठेवलं आणि कुणाला काही म्हणाली नाही. तेच जेपाला जास्त लागलं. रडली असती तर त्याने ओरडून गप्प केली असती.

तो ओगाला साक्षीदार आणि दुभाषा म्हणून घेऊन कचेरीत गेला. पिमपन बाईही आल्या. नोंदणीचे साहेब होते वुतिचाय. गुळगुळीत घोटलेली दाढी, कडक इस्त्री, आणि मागे भिंतीवर जेपाच्या पोस्टरची आणखी एक प्रत. साहेबांनी जुना कागद काढला आणि त्यावर बोट ठेवलं.

"काका, इथे लिहिलंय तुम्ही पलीकडून आलात. तुम्हीच सांगितलंय."

"पूर्वज आले, साहेब. मी इथेच जन्मलो. हा ओगा आहे ना, याची आई माझी सुईण."

"हो साहेब," ओगा म्हणाला. "ती नेहमी म्हणायची, हा पोटातूनच बडबडत आला."

साहेब हसले नाहीत. "म्हणजे तेव्हा खोटं सांगितलंत? सरकारी शिरगणतीत खोटी माहिती देणं गुन्हा आहे."

"खोटं नाही सांगितलं."

"मग खरं असेल, तर तुम्ही पलीकडचे."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एवढा शिकलेला माणूस इतकं साधं कसं समजत नाही, की समजून उमजून करतोय, हे जेपाला ठरवता येईना. मला विचाराल तर दोन्हीला पगार सारखाच असतो.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी तोड काढली. त्यांना अशा तोडी फार येत, आणि जेपाला त्या आखांसारखं ‘आबो’, म्हणजे आजोबा, म्हणत. "हे बघा आबो, मधला मार्ग आहे. खोटं बोललो असं नाही लिहायचं. लिहायचं की, मला माझ्या पूर्वजांची काही माहिती नाही, तेव्हा मी ज्या म्हटल्या त्या ऐकीव लोककथा होत्या. म्हणजे गुन्हाही नाही आणि नोंदही रद्द. समितीपुढे एवढंच तोंडी सांगायचं आणि अंगठा द्यायचा."

"काही माहिती नाही?"

"कागदापुरतं हो."

"बाई, तुम्हाला तुमचा बाप माहीत नाही असं कागदापुरतं लिहून द्याल?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "हे मीयूच्या हक्कासाठी आहे, आबो. हक्क असे आपोआप मिळत नाहीत, त्यासाठी थोडी तडजोड करावी लागते."

बाईंचं सगळं आयुष्य हक्कांत गेलं होतं, पण आपण म्हाताऱ्याजवळ काय मागतोय ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्याच्याजवळ होतं काय तर ती माळ. मळा सरकारी जमिनीवर, घर जंगलखात्याच्या मर्जीवर, कार्ड गुलाबी. फक्त ती एकसष्ट नावं त्याला कुणी दिली नव्हती आणि कुणी काढूनही घेऊ शकत नव्हतं. आता तीच त्याने आपल्या हाताने टाकायची. माणसाला माणूस ठरवायचं तर आधी त्याने आपण कुणाचेच नाही असं कबूल करायचं. याला म्हणतात मानवी हक्क.

पुढचे आठ दिवस मळ्यात ओगाने त्याची तालीम घेतली. ओगा झाला साहेब, पानं खुडायची टोपली झाली टेबल.

"कुठून आलात?"

"माझा पहिला पूर्वज..."

"झालं. बुडवलंस पोरीला. इथलाच म्हण."

"इथलाच."

"आजोबाचं नाव?"

"लोशो."

"माहीत नाही म्हण, गाढवा."

"तोंडात येतं रे ते आपोआप."

"मग मी शिकवतो तसं कर. मला कुणी आजोबांच्या आजोबाचं नाव विचारलं की मी डोकं खाजवतो. आधी खाजवायचं. तेवढ्यात नाव परत आत जातं."

मीयू ऐकत होती. ती टोपली खाली ठेवून पुढे आली. "आबो, नका जाऊ. मी दुसरं काहीतरी करीन."

"काय करशील? पागोसारखी नाक्यावर बसशील?" जेपा तिच्यावर खेकसला. खेकसताना त्याचा आवाज फाटला, म्हणून त्याने पुन्हा खालच्या आवाजात सुरुवात केली. "तू जा. भात टाक चुलीवर."

समितीत तीन माणसं होती. मध्ये वुतिचाय साहेब. जेपा काळा कोट न घालता गेला. तो कोट घालून ते शब्द तोंडातून निघालेच नसते.

"कुठून आलात?"

"इथलाच."

"आजोबांचं नाव?"

जेपाने डोकं खाजवलं. खोलीत पंखा फिरत होता. दाराशी उभा असलेला ओगा खाली बघत होता. आयुष्यभर ज्या गोष्टीवरून त्याने जेपाला चिडवलं तीच त्याला आता ऐकवेना.

"माहीत नाही," जेपा म्हणाला.

"त्यांच्या आधीचे?"

"कुणीच माहीत नाही."

साहेबांनी कागद पुढे सरकवला, जेपाने अंगठा दिला. काम झालं तसे साहेब मोकळे झाले. खुर्चीत मागे रेलून शेजारच्या सभासदाला म्हणाले, "माझे आजोबा बोटीतून आले चीनमधून. एक चटई आणि एक उशी, बस्स. आज बघा."

जेपा दाराशी थांबला. "आणि त्यांचे वडील, साहेब?"

"कोण जाणे," साहेब हसत म्हणाले. "कुणाला माहीत असतं एवढं?"

मे संपता संपता पक्की कार्डं आली, जेपाचं, पागोचं आणि मीयूचं. मीयू कॉलेजात गेली. गावाने डुक्कर कापलं. ओगाने पिऊन भाषण केलं की थाई देशात आता एक नवा आणि एक जुना, असे दोन अडाणी शेजारी शेजारी राहतात. सगळे हसले, जेपाही हसला. पण त्यानंतर शेजारच्या गावात म्हातारी गेली आणि जेपाला बोलावणं आलं, तर तो गेला नाही. घसा बसलाय म्हणाला. दुसऱ्या वेळीही घसाच बसला होता. गावात कुजबुज सुरू झाली की कार्ड मिळालं आणि म्हातारा शेफारला. लोकांचं काय, त्यांना वंशावळ पाठ नसते पण निंदा पाठ असते.

दहा डिसेंबर आला. जीप आली. या वर्षी चिठ्ठी लागली नाही, आणि पोस्टर नवं होतं. तोच चेहरा, हातात कार्ड. सभेत पुढच्या रांगेत प्रमुख पाहुणे वुतिचाय साहेब, छातीवर फूल. व्यासपीठावर जेपा, आणि दुभाषा म्हणून ओगा, कारण कार्ड मिळाल्यापासून तीस वर्षं ट्रकच्या अड्ड्यावर ये-जा करून ओगाची थाई फर्डी झालेली.

पिमपन बाईंनी माईक हातात घेतला. जेपाची गोष्ट सांगितली, त्यात बाईच जास्त होत्या. मग म्हणाल्या, "आणि आता आबो आपल्याला त्यांची प्राचीन वंशावळ म्हणून दाखवतील. हा मानवजातीचा ठेवा आहे. वेळ कमी आहे, पहिली दहा नावं पुरेत."

लोकांनी मोबाइल वर धरले. जेपाने माईक घेतला आणि आखा भाषेत, वुतिचाय साहेबांकडे बघत, सावकाश बोलला.

"साहेब, मे महिन्यात तुमच्यापुढे मी अंगठा दिला की मला माझा आजोबा माहीत नाही. तुम्ही शिक्का मारलात. आता मी इथे त्याचं नाव घेतलं तर दोनातलं एक खोटं होईल. कुठल्या खोट्यासाठी आत टाकणार ते आधी सांगा, मग म्हणतो. आणि बाई, जे मी तुमच्याच सांगण्यावरून टाकलं, ते आता तुम्हाला दहा नावांपुरतं परत हवंय. तेसुद्धा जेवणाच्या सुट्टीआधी."

सभागृह ओगाकडे बघू लागलं. ओगाने जेपाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि त्याला दिसलं की खरं भाषांतर केलं तर तीन कार्डं परत गुलाबी व्हायला एक शिक्का पुरतो.

"ते म्हणतात," ओगा थाईत म्हणाला, "साहेबांचे आणि बाईंचे उपकार ते सात जन्म विसरणार नाहीत. आज त्यांना इतकं भरून आलंय की नावं आठवत नाहीत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी डोळे टिपले. वुतिचाय साहेबांनी बसल्या जागेवरून हात जोडले.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मागे दोघेच होते. नाका आला. शिपायाने वाकून दोन्ही कार्डं पाहिली आणि बांबू वर केला. जिथे तेहतीस वर्षं उतरावं लागायचं तो बाक खिडकीतून मागे गेला. डोंगराचा चढ लागला, पहिले मळे दिसू लागले, तशी जेपाने ओठ हलवायला सुरुवात केली. नावामागून नाव निघत होतं, आधी पुटपुटत, मग स्पष्ट. मे महिन्यानंतर पहिल्यांदाच. ओगाला त्या जुन्या नावांतलं एकही येत नव्हतं, तरी तो वळणावळणाला मान डोलावत होता.

गाव दिसायला लागलं तेव्हा माळ शेवटाकडे आली होती.

"गोलो," जेपा म्हणाला. "लोशो. शोजे."

मग तो थांबला. ओठ हलले, पण पुढचं नाव निघेना. त्याने तेवढा सांधा सोडून पुढे जायचा प्रयत्न केला. "पागो," म्हणाला. शोजेला पागो जोडला जाईना. त्याने परत मागे जाऊन सुरू केलं. "लोशो. शोजे." पुन्हा तिथेच. त्या अंगठ्याने त्याने पूर्वज पुसले नव्हते. ते साठच्या साठ जागच्या जागी होते. पुसला होता तो स्वतः, आणि आता मधली कडी नसल्यामुळे मुलगा आणि नात अधांतरी लटकत होती.

"ओगा," तो म्हणाला, "मला पुढे येत नाही."

जेपा कधीतरी अडेल आणि आपण त्याला चिडवू, याची ओगाने आयुष्यभर वाट पाहिली होती. त्याने खिडकीबाहेर पाहिलं, मग डोकं खाजवलं.

"जेपा," ओगा म्हणाला. "शोजेचा जेपा. मला फार येत नाही, पण एवढं येतं. चल, पुढचं म्हण."